स्मृतिभ्रंश झालेल्यांची सहल

‘साठी बुद्धी नाठी’ किंवा ‘म्हातारचळ’ म्हणून आपण ज्याची बोळवण करतो, तो प्रकार पुष्कळदा स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा असतो. हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग नसून मेंदूचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक त्यासह जगत होते. निदान होताच कुटुंबीय बहुधा त्या व्यक्तीचे बाहेर जाणे थांबवतात. यात्रा, लग्नसोहळा, समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ, सारे बंद होते. आणि शुश्रूषा करणारी सून वा पत्नीही घरात कोंडली जाते. हे बंधन आजाराइतकेच लोकांच्या नजरेचे असते, असे आम्हांस वाटते.

बेल्जियममधील ब्रुज या पर्यटननगरीत दुकानदारांनी आपल्या दारावर गाठ मारलेल्या लाल रुमालाचे चिन्ह लावले. विसरू नये म्हणून बांधलेली ती खूणगाठ. आपल्या आज्याही पदराला अशी गाठ मारीत. येथे विस्मरण झालेल्या माणसाशी धीराने वागले जाईल, एवढाच त्या चिन्हाचा अर्थ.

अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट वा खानावळ चालवणाऱ्या आपल्या बांधवांना हे सहज साधण्यासारखे आहे. या आजारात स्मरणशक्तीबरोबरच, डोळ्यांना दिसते त्याचा अर्थ लावण्याची शक्तीही क्षीण होऊ शकते. चकाकणारी फरशी ओली वाटते. दारातले काळे पायपुसणे खड्ड्यासारखे भासते आणि पाऊल अडते. लोकांना तो हट्ट वाटतो. असते ती भीती. पायपुसणे फरशीच्या रंगाचे ठेवावे. शौचालयाचे दार भिंतीहून वेगळ्या रंगाचे असावे व त्यावर ठळक अक्षरांबरोबर चित्रही असावे. शिवाय स्त्री-पुरुष दोघांनाही वापरता येईल असे एक स्वतंत्र शौचालय हवेच, कारण पतीला पत्नीबरोबर महिलांच्या विभागात जाता येत नाही. केवळ या एका अडचणीपायी सहल रद्द होऊ शकते.

ध्वनिवर्धकाचा गोंगाट अशा व्यक्तींना फार त्रास देतो. दूर, शांत कोपऱ्यातील एक मेज त्यांच्यासाठी राखावे. (तो कोपरा इतरांनाही आवडेल, याविषयी आम्हांस शंका नाही!) वाढणाऱ्याने लांबलचक मेनूकार्ड पुढे न करता ‘चहा देऊ की सरबत?’ असे विचारावे, आणि विचारावे ते त्या व्यक्तीलाच, तिच्या मुलाला नव्हे. उत्तराला वेळ लागला तर थांबावे. तोच प्रश्न तिने पाचव्यांदा विचारला, तरी पहिल्यासारखेच उत्तर द्यावे. ‘आताच सांगितले ना?’ हे वाक्य टाळावे. प्रसंग विसरला तरी झालेला अपमान मनात खुपत राहतो.

धर्मग्रामांतून वांद्र्याच्या मोत माउलीला किंवा वेलंकनीला बस नेणाऱ्यांनीही याचा विचार करावा. सणाच्या गर्दीऐवजी साधा दिवस निवडावा, वाटेतले थांबे आधी ठरवावेत आणि आजारी व्यक्तीच्या खिशात नाव व कुटुंबीयांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असल्याची खात्री बस सुटण्यापूर्वीच करून घ्यावी.