आधी सर्किट, मग मोटर

आमच्या कर्वेनगराला पूर्वी हिंगणे म्हणत. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी आपला आश्रम येथल्या माळावरच्या झोपडीत आणला. त्यांच्याच संस्थेने १९९१ साली येथे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. तेव्हा मुलगी विजेचे शास्त्र शिकते, याचे या वस्तीत कोणाला नवल नाही. नवल आहे ते निराळेच. कोणता विषय केव्हा घ्यावा, हे अजून घरोघर केवळ गुणांच्या हिशेबाने ठरते!

माझी भाची वीज-अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसरे वर्ष संपताच तिला मोटरींच्या कारखान्यात इंटर्नशिपला जायचे आहे. जुन्या भाषेत उमेदवारीच ती! ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली, तशी आमच्या ताईने फर्मावले, "सोपा असेल तो घे. गुण तरी पडतील."

"मामा, नुसते गुण घेऊन कारखान्यात काय करू?" भाचीने मला विचारले.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण अक्षरओळखीआधी वृत्ते शिकवू नयेत, एवढे मलाही कळते. मी म्हटले, "जिथे जायचे आहे तिथून मागे मोजत ये." तिने कागद घेतला. मोटरीचा वेग आवरायचा तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हवे. त्याआधी मोटर कळली पाहिजे. इंडक्शन मोटर म्हणजे जणू दुय्यम वेटोळे फिरते ठेवलेला ट्रान्सफॉर्मर. म्हणून मोटरीआधी ट्रान्सफॉर्मर. त्याआधी प्रत्यावर्ती प्रवाहाची सर्किटे, आणि त्यांच्याही मुळाशी गणितातल्या संमिश्र संख्या. मोजमापाची प्रात्यक्षिके मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत.

या साखळीची एक कडी निसटली तर? उभी मोटर थेट सुरू केली, तर ती पूर्ण भाराच्या सुमारे ५ ते ७ पट प्रवाह ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला, की लाइनमधला हा प्रवाह एक-तृतीयांशावर येतो. पण मोटरीचा सुरुवातीचा जोरही तेवढाच उरतो. भार जड असला, तर मोटर जागची हलत नाही. ज्याने स्टार्टरचे नुसते नाव पाठ केले, तो तिथे पाहतच राहील.

ए. ललिता १९४३ साली मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून वीज-अभियंता झाल्या. त्यांनीही जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात वर्षभर उमेदवारी केली होती. पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामाला त्यांचा हात लागला.

ताईचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पुष्कळ कारखाने आधी गुणांची चाळणी लावतात. म्हणून भाचीने मधला मार्ग काढला: एका सत्रात अवघड प्रयोगशाळेचा विषय एकच, जोडीला हलके विषय, आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स उमेदवारीच्या आधीच्या सत्रात, म्हणजे हात ताजा राहील.

यंदा फराळाला जमलेल्या मुलांना "किती टक्के?" असे जरूर विचारा. पण त्यापाठोपाठ, "या सत्रात हातांनी काय जोडलेस?" हेही विचारायला विसरू नका.