सफरचंदाचे रोप आणि उल्हास खोऱ्यातला हिवाळा

उल्हास नदीच्या खोऱ्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आता जवळजवळ सलग झालेल्या वस्तीत, फळझाडांविषयी एक समज अलीकडे वारंवार ऐकू येतो. कमी थंडीत येणारी जात निघाल्यामुळे सफरचंद आता कुठेही होते, आणि अंगणात त्याचे एक रोप लावले की घरच्यांना फळ व पाखरांना चारा अशी दोन्ही कामे साधतात, असा तो समज आहे. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या दाटीच्या भागात, जिथे मोकळी जागा हातांनी मोजण्याइतकीच असते, तिथे या समजाची किंमत अधिक पडते. कारण त्या जागेत एक झाड चुकले की दुसऱ्याला जागाच उरत नाही आणि चूक ध्यानात येईपर्यंत चार-पाच पावसाळे उलटलेले असतात. हा समज निखळ खोटा असता तर खोडून काढणे सोपे गेले असते. तो अर्धा खरा आहे, हीच अडचण आहे.

खरा अर्धा भाग असा की हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात, सफरचंदाच्या पारंपरिक पट्ट्याच्या बऱ्याच खाली, सुमारे १८०० फूट उंचीवरील पनियाला गावी हरिमन शर्मा या शेतकऱ्याने सफरचंद पिकवून दाखवले. त्याच झाडापासून एचआरएमएन-९९ ही जात पुढे आली, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने तिच्या निरनिराळ्या राज्यांत लागवडी करून पाहिल्या आणि २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्री जाहीर झाली. इस्रायलमधील ॲना आणि बहामा बेटांवरील डॉर्सेट गोल्डन या कमी थंडीच्या जाती तर त्याहून जुन्या आहेत. यातले काहीच खोटे नाही. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. ‘ही जात ४० ते ४५ अंशांचा उन्हाळा सोसते’ हे वाक्य ऐकणारा ‘या जातीला थंडी लागत नाही’ असे समजतो आणि विकणारा तो समज दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नाही. उन्हाळा सोसणे आणि हिवाळ्याची गरज नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बदलापूरचा पारा चाळिशीपार जातो हे सफरचंदाच्या मार्गातले मुख्य विघ्न नाहीच. मुख्य विघ्न आहे ते जानेवारीचे.

सफरचंद हे पानगळीचे झाड असून शरदात पाने गाळल्यावर त्याचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या न उमललेल्या कळ्या, गाढ झोपेत जातात. या अवस्थेला सुप्तावस्था म्हणतात. ही झोप केवळ ऊब आल्याने मोडत नाही, आधी पुरेशी थंडी भोगावी लागते. अन्यथा डिसेंबरातील चार उबदार दिवसांना वसंत समजून झाड फुलले असते आणि पुढच्या हिमात फुले करपली असती. या थंडीचा हिशोब ‘शीततास’ या मापाने करतात: साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला प्रत्येक तास म्हणजे एक शीततास. डेलिशस गटातील जुन्या जातींना असे हजाराच्या आसपास किंवा अधिक तास लागतात, तर ॲनासारख्या जातींना दोन-तीनशे पुरतात. ‘कमी’ या शब्दाचा अर्थ शून्य होत नाही, इतके साधे अंकगणित या समजाच्या प्रसारात हरवून गेले आहे.

आता अंबरनाथचा हिवाळा पाहावा. थंडीची लाट आली की पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि मुंबईच्या तुलनेत बदलापूर किती गार आहे याच्या बातम्या होतात. पण सात अंशांखालचे तास इथे जवळपास मिळतच नाहीत. शिवाय केवळ रात्र मोजून भागत नाही. १९७४ साली अमेरिकेतील युटा राज्यात पीच या फळासाठी जी हिशोबाची पद्धत बसवली गेली, तिच्यात १२.५ ते १६ अंशांमधील तासाला काहीच गुण मिळत नाही आणि त्याहून उबदार तासाला गुण वजा होतात, कारण दिवसाची ऊब रात्रीच्या थंडीचा परिणाम पुसत जाते. जानेवारीतही दुपारी तिशीला टेकणाऱ्या गावाचा हिशोब या पद्धतीने मांडला तर हिवाळाअखेर जमेची बाजू भरण्याऐवजी उधारीच वाढलेली दिसते. नाशिककडच्या सफरचंदांची छायाचित्रे पुरावा म्हणून पुढे केली जातात, तेव्हा निफाडचा पारा हिवाळ्यात कित्येकदा सात अंशांच्या खाली जातो हे सांगायचे राहून जाते. निफाड घाटमाथ्यापलीकडे पठारावर आहे, अंबरनाथ सह्याद्रीच्या पायथ्याशी. राज्य एक असले म्हणून हिवाळा एक होत नाही.

थंडी न मिळालेले झाड मरत नाही, आणि फसवणूक टिकून राहते ती यामुळेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा झाडाची फांदी जवळून पाहिली तर शेंड्याचा एखादा डोळा फुटून त्यावर पाचसहा पानांचा झुबका आलेला दिसतो, त्याखाली मात्र हातभर दांडी उघडी असते आणि तिच्यावरचे डोळे सालीला चिकटून मिटलेले असतात. फुले आलीच तर एकदम न येता महिना-दोन महिने तुरळक येत राहतात. मालक शेंड्याची हिरवी पाने पाहून ‘झाड लागले’ म्हणतो, खत वाढवतो आणि पुढच्या वर्षाची वाट पाहतो.

यावर इंडोनेशियाचा दाखला दिला जातो आणि तो खोटा नाही. पूर्व जावातील बातू परिसरात, विषुववृत्ताजवळ, सफरचंदाच्या व्यापारी बागा आहेत. मात्र तिथे फळे उतरवल्यानंतर संपूर्ण झाडाची पाने हाताने ओरबाडून काढतात, जेणेकरून डोळे गाढ झोपेत जाण्यापूर्वीच फुटावेत. आणि या बागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपासच्या थंड डोंगरउतारांवर आहेत. कष्टाने आणि उंचीने जे साधले ते जातीच्या नावावर खपवू नये. उल्हास खोऱ्यात एखाद्या हौशी माणसाच्या झाडाला चार फळे लागणार नाहीत असे कोणी म्हणत नाही. चार फळे लागणे आणि झाड ‘होणे’ यांतला फरक कोणत्याही आंबेवाल्याला ठाऊक असतो.

त्यातून फळ धरलेच तर ते तयार होते जूनमध्ये, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. खोऱ्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, ती जमीन हीच. सफरचंदाच्या मुळांना आणि बुंध्याला साचलेले पाणी सोसत नाही, बुरशीने बुंधा सडतो, आणि पानांवरच्या बुरशीला श्रावणासारखा मोसम नाही.

दुसरा समज रानसफरचंदाचा, ज्याला क्रॅबॲपल म्हणतात. साधारण दोन इंचांहून लहान फळाच्या सफरचंदकुळातील झाडांना हे नाव आहे आणि त्यांतली एक जाती हिमालयातही रानटी वाढते. युरोप-अमेरिकेत ही झाडे पाखरांसाठी लावतात ते योग्यच आहे, कारण तिथे बर्फ पडल्यावरही फांदीवर टिकून राहणारी आंबट फळे थंडीतल्या उपासमारीत कामी येतात. हिमाचलातील बागांत ती वेगळ्याच कामासाठी असतात: बहुतेक सफरचंदांना स्वतःच्या जातीच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून मांचुरियन, गोल्डन हॉर्नेट अशी भरघोस फुलणारी रानसफरचंदे परागदाते म्हणून बागेत पेरलेली असतात. एकुलते एक रोप विकत घेणाऱ्याला ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. थंडीवाचून रानसफरचंदही तसेच अडते, आणि बर्फातल्या उपासमारीवरचा उपाय बर्फ नसलेल्या गावात आणण्याचे प्रयोजनही समजत नाही.

खाण्याचे झाड आणि त्याचे रानटी भावंड ही जोडी उल्हास खोऱ्याकडे आधीपासून आहे. तिचे नाव जांभूळ. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याच्या शेजारी ओढ्याकाठी, टेकडीच्या कुशीत उगवणारी, बोटाच्या पेराएवढ्या तुरट फळाची रानजांभळेही आहेत. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ फुलते तेव्हा मधमाश्यांचा घोंघाट झाडाखाली उभे राहून ऐकू येतो. मे-जूनमध्ये फळे काळी पडली की दिवसा बुलबुल, कोकीळ, तांबट, हळद्या आणि खारी, रात्री वटवाघळे आणि उदमांजर अशी पाळी लागते. माणसासाठी मोठ्या फळाची, लहान बीची कलमे निवडावीत, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण बहाडोली’ ही पालघर जिल्ह्यातील बहाडोली गावच्या जांभळातून निवडलेली जात त्यासाठी उपलब्ध आहे. पाखरांसाठी मात्र लहान फळच बरे, कारण बुलबुलाच्या चोचीत टपोरे जांभूळ मावत नाही, तो त्याचे लचके तोडतो आणि बी झाडाखालीच पडते. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने निवडलेली बिनबियांची जे-४२ ही जात खाणाऱ्याला सोयीची. रान वाढवायला तिचा उपयोग नाही हे उघड आहे.

‘गोड फळाची बी लावली की तसेच झाड येते’ हा समज सफरचंदाच्या बाबतीत सपशेल खोटा आणि जांभळाच्या बाबतीत निम्मा खोटा आहे. जांभळाच्या ताज्या बीचे पातळ कवच नखाने सोलले तर आतला गर एकसंध नसतो, तो वेड्यावाकड्या हिरवट-जांभळट फोडींत सुटतो. एका बीत एकाहून अधिक गर्भ असतात आणि त्यांतले काही परागाशिवाय केवळ मातृवृक्षाच्या पेशींतून तयार झालेले असतात. अशा गर्भाचे रोप आईसारखे निघते, परागातून आलेल्याचे निघेलच असे नाही, आणि मातीतून एकाच जागी वर आलेल्या दोन-तीन रोपांपैकी कोणते कोणाचे हे पाहून ओळखता येत नाही. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते, बीचे झाड आठ-दहा वर्षे घेते. रानासाठी लावायचे असेल तर ही अनिश्चितता दोष ठरत नाही. फक्त बी वाळवून ठेवू नये, कारण पंधरवड्यात तिची उगवण्याची ताकद जाते.

किरकोळ समज तेवढ्यात निकालात काढता येतील. भौगोलिक मानांकन जातीला नसून प्रदेशाशी जोडलेल्या मालाला असते, १९९९ च्या कायद्याचा अर्थ तोच आहे. त्यामुळे बदलापूरचे कलम साताऱ्यात लावले तर फळ चांगले येईल, ‘बदलापूरचे जांभूळ’ ठरणार नाही. ॲपल बोर हे बोर आहे, वॉटर ॲपल म्हणजे जाम, कस्टर्ड ॲपल म्हणजे सीताफळ. इंग्रजी नावातल्या ॲपलचा सफरचंदाशी काही संबंध नाही. पाखरांना देशी झाडच चालते हेही खरे नाही, कारण पेरू अमेरिकेतून आला आणि पोपटांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पाखराने टोचलेले फळ गोड असते म्हणून खावे ही समजूत मात्र सोडावी, टोचलेले फळ झाडाखाली टाकून द्यावे. जांभळाच्या बियांच्या भुकटीने मधुमेह बरा होतो हे सिद्ध झालेले नाही आणि तिच्या भरवशावर औषध थांबवणे धोक्याचे आहे. जांभळाची फांदी ठिसूळ असते असे म्हणतात, तो गैरसमज नाही, वस्तुस्थिती आहे.

म्हणूनच पत्र्याच्या छपराला लागून जांभूळ लावू नये. त्याला आठ-दहा मीटरचे अंतर लागते, आणि वाढलेले झाड नंतर नकोसे झाले तरी १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार नागरी हद्दीत, खासगी जागेतही, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. शाळेचे आवार, नदीकाठ, सोसायटीचा मोकळा कोपरा या जांभळाच्या आणि उंबराच्या जागा होत. कुंपणाला करवंद चालते, काट्यांचा फायदा वेगळा. आणि बुवापाड्यातल्या चाळीत, जिथे दाराशी एक पिंप ठेवण्यापुरतीच जागा आहे, तिथे कढीपत्ता पुरेसा आहे: त्याची काळी पडलेली फळे बुलबुल आणि कोकीळ खातात आणि काही फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. फोडणीसाठी दर आठवड्याला सगळेच शेंडे खुडलेल्या झाडाला फुलोरा धरत नाही, तेवढी एक उंचावरची फांदी न खुडता सोडावी लागते.