भूगर्भातील विजयस्मारक

नेपोलियनची फौज मॉस्कोत दाखल झाली आणि हात हलवीत परतली. त्या १८१२ च्या संग्रामाचे व १९४५ च्या विजयाचे स्मरण तेथील ‘पार्क पोबेदी’ या २००३ साली खुल्या झालेल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात कलावंत झुराब त्सेरेतेली यांच्या भव्य चित्रफलकांनी जागते ठेविले आहे. सत्तर मीटरांहून अधिक खोलीवर भूस्तरांचा प्रचंड भार एकाच रुंद कमानीवर न टाकता तीन समांतर भुयारे व त्यांमधील जाडजूड स्तंभ यांवर विभागला आहे. याच स्तंभांचे सौंदर्य मला विशेष वाटते: एका फलाटावर ज्या अंगाला तांबूस संगमरवर, दुसऱ्यावर त्याच अंगाला शुभ्र! सरकता जिना १२६ मीटर लांब असून उतरण्यास सुमारे तीन मिनिटे लागतात.