६ डिसेंबर आणि भूमिहीनांचा सत्याग्रह

नेत्याची पुण्यतिथी कशी पाळावी? हार घालावा, मेणबत्ती लावावी, भाषण ऐकावे आणि घरी यावे, एवढ्याने कर्तव्य संपते काय? रिपब्लिकन पक्षाच्या इतिहासात याचे उत्तर सापडते. आजच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना केली. पुढे एका जातिसमूहापुरता मर्यादित नसलेला, सर्व शोषितांचा व्यापक पक्ष असावा असे त्यांच्या मनात होते. परंतु ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या अनुयायांनी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरातच फेडरेशन विसर्जित करून भारतीय रिपब्लिकन पक्ष स्थापन केला. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले.

लवकरच पक्षात गट पडले. तरीही कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली देशव्यापी सत्याग्रह पुकारला गेला. त्यासाठी दिवस निवडला तो ६ डिसेंबरचाच! पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद आधीच देण्यात आली होती. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, ही त्यातील एक मागणी. पण तेवढ्यावर सनद थांबली नाही. भूमिहीनांना पडीक जमीन, गरिबांना रास्त भावात धान्य, शेतमजुरांना किमान वेतन आणि बौद्धांना सवलती, याही मागण्या तीत होत्या. लाखो स्त्री-पुरुषांनी हसत हसत तुरुंगवास पत्करला.

तैलचित्र १२ एप्रिल १९९० रोजी लागले. केंद्राच्या सवलती बौद्धांना त्याच वर्षी, कायद्यात दुरुस्ती होऊन मिळाल्या. म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. जमिनीची मागणी मात्र आजही पुरती फळाला आलेली नाही.

पक्ष एकत्र आला तेव्हा यशही आले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे व रामदास आठवले असे चार खासदार निवडून आले. पण ऐक्य टिकले नाही.

ज्यांनी सनद लिहिली त्यांनी तसबीर आणि जमीन एकाच कागदावर मांडली होती. आपण तसबीर ठेवली आणि जमीन विसरलो, हे मान्य केले पाहिजे. येत्या ६ डिसेंबरला फूल वाहताना प्रत्येकाने आपल्या वस्तीतला एक तरी प्रश्न हाती घ्यावा. तेच खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!