नागलीची कणगी आणि बारीक छर्ऱ्याचे काडतूस

भाताला सोंडे लागतात, उडदाला भुंगे लागतात; परंतु उन्हात चांगली वाळवून कणगीत भरलेली नागली अनेक वर्षे टिकते, हा सूर्यमाळच्या परिसरातील घरोघरचा अनुभव आहे. दाणा इतका बारीक असतो की, साठवणीतील किडीच्या अळीला त्यात वाढावयास पुरेशी जागाच मिळत नाही. मोखाडा व जव्हार ह्या तालुक्यांतील डोंगरउतारांच्या वरकस जमिनींवर हे पीक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, त्याचे हेही एक कारण आहे. साठविलेल्या नागलीला भय असते ते मुख्यतः ओलीचे व उंदरांचे. ओलीचा बंदोबस्त आपल्या भगिनी उत्तम जाणतात. राहता राहिला उंदीर.

हे नुकसान किती होते, ह्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. घरातील एक उंदीर दिवसाकाठी सुमारे १० ते १५ ग्रॅम धान्य खातो. माळ्यावर दहा उंदीर असले, आणि दहा म्हणजे काही फार नव्हेत, तर मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतच्या दीडशे दिवसांत ते १५ ते २२ किलो धान्य फस्त करतात. रोज एक किलो नागली दळणाऱ्या घराची ही दोन ते तीन आठवड्यांची भाकरी झाली. शिवाय खाल्ल्याहून अधिक धान्य लेंड्यांनी व मुताने नासते, ते वेगळेच. त्यातून ह्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामासाठी भिवंडी-वसईकडे जातात व पावसाच्या तोंडावर परततात. घर बंद, चूल थंड, मांजर शेजाऱ्याकडे. अशा घरातील कणगी म्हणजे उंदरांना मोकळे रानच होय. आषाढ-श्रावणात जेव्हा काम नसते व वाटाही बंद होतात, तेव्हा हीच नागली पोराबाळांच्या तोंडी पडावयाची असते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने जे बालमृत्यू झाले, त्यांची आठवण असणाऱ्या कार्यकर्त्यांना ह्या भागातील वीस किलो धान्याचे मोल निराळे सांगावयास नको.

अशा परिस्थितीत, उंदीर मारण्यासाठी बारीक छर्ऱ्यांची काडतुसे मिळतात ती वापरावीत काय, असा प्रश्न काही शेतकरी बंधू विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ ‘नको’ एवढ्यावर न संपवता काडतुसाची रचना समजून घेणे बरे.

‘पॉइंट टू-टू’ ह्या नावाने ओळखली जाणारी बंदूक ही सुमारे ५.६ मिलिमीटर रुंद नळीची, लहान हत्यारांत गणली जाणारी बंदूक होय. तिच्या नेहमीच्या काडतुसात शिशाची एकच गोळी असते. छर्ऱ्याच्या काडतुसात त्या गोळीऐवजी शिशाचे अगदी बारीक कण भरलेले असतात. बारा क्रमांकाचा छर्रा ह्या कामी प्रचलित असून त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या किंचित वर असतो. अशा एका काडतुसात साधारणतः दोन ग्रॅम शिसे, म्हणजे दीडशेच्या आसपास छर्रे मावतात. अमेरिकेसारख्या देशांत धान्याची कोठारे व गोठे ह्यांतील उंदीर मारण्यासाठी ही काडतुसे वापरण्याची पद्धत आहे. तिचे कारण सरळ आहे. अखंड गोळी पत्र्यातून पार जाते व पलीकडील जनावरास किंवा माणसास लागू शकते. हलका छर्रा मात्र काही हातांवर गेला की त्याचा जोर सरतो, आणि छपराचा पत्रा सहसा फुटत नाही. त्यातही एक अडचण राहतेच. रायफलीच्या नळीस आतून पीळ असतो. त्या पिळामुळे छर्ऱ्यांचा झोत गरगरत बाहेर पडतो व लगेच फाकतो. म्हणून तीन-चार मीटरांच्या आतच त्याचा उपयोग. त्यापुढे उंदीर मरत नाही, जखमी होऊन बिळात शिरतो व तेथे कुजतो. सपाट नळीच्या बंदुकीतून झोत थोडा अधिक एकत्र राहतो, इतकाच फरक.

तेव्हा ह्या काडतुसाचा खरा उपयोग कोठे, तर पक्क्या भिंतींच्या, रिकाम्या केलेल्या गोदामात, परवानाधारक व सराव असलेल्या माणसाने, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, चार पावलांवरून, उरलेसुरले एकदोन चलाख उंदीर टिपण्यापुरता. सापळ्याला व आमिषाला दाद न देणारा असा एखादा उंदीर असतो खरा. परंतु उंदरांची संख्या कमी करण्याचे हे साधन नव्हे. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतास सहा-आठ पिले होतात आणि तीन महिन्यांत ती पिलेही विण्याजोगी होतात. पहिल्या बारासरशी बाकीचे उंदीर दडून बसतात. एका रात्रीत दोन उंदीर टिपणाऱ्या नेमबाजाने महिनाभर जागरण केले, तरी बिळातील भरती त्याच्या पुढेच राहील.

आता आपल्या घरांकडे वळू. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर, माळ्यावर पेंढा, कोपऱ्यात बांबूची, शेणाने लिंपलेली कणगी. अशा घरात पेंढ्याजवळ बंदुकीचा जाळ नको, हे कोणासही पटेल. ठासणीच्या बंदुकीत तर नळीत ठासलेला बोळा पेटता बाहेर पडतो. आणि कुडाच्या दोन कारव्यांमधील लिंपण निखळलेले असल्यास पलीकडे निजलेल्या माणसाचे डोळे धोक्यात येतात. परंतु ह्या दोहोंपेक्षा मोठा धोका नजरेला दिसत नाही.

नागलीचा दाणाही साधारण एक ते दोन मिलिमीटरांचा, गोल व गर्द रंगाचा असतो. बारा क्रमांकाचा छर्रा आकाराने नेमका तेवढाच! घरात एक बार काढला की दीडशे छर्रे कुडात, माळ्यावर, जमिनीवर व कणगीच्या तोंडात विखुरतात. गव्हात किंवा तांदळात पडलेला बारीक खडा निवडता येतो. मंद उजेडात नागलीत पडलेला छर्रा निवडता येत नाही. सुपाने पाखडून भुसा उडतो, पण जड छर्रा दाण्यांबरोबर सुपातच राहतो. बारीक चाळणीही दोघांना सारखीच वाट देते. मग तो जात्यात किंवा चक्कीत जातो. शिसे मऊ असल्यामुळे ते दळले जाते, आणि पीठ पाहून कोणास काही कळत नाही. शिशाचे विष अंगात थोडे थोडे साठत जाते. त्याचा सर्वांत जास्त अपाय लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस व गरोदर स्त्रियांच्या पोटातील गर्भास होतो. शिशाची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही. उंदरापासून वाचविलेल्या नागलीतून मुलांच्या पोटात शिसे जाणार असेल, तर तो सौदा कोणत्या आईला परवडेल? ज्या घरात नागली, वरई किंवा खुरासणी साठविली आहे, त्या घरात छर्ऱ्याचे काडतूस उडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी ही छर्रा व दाणा ह्यांच्या आकाराची गोष्ट सभेत मूठभर नागली हातात घेऊन समजावून सांगावी.

घराबाहेरचा विचार निराळा आहे, पण निष्कर्ष फारसा बदलत नाही. नागली पोसवली की मुनिया, चिमण्या, पोपट ह्यांचे थवे उतरतात व राखणीस माणूस पुरत नाही, ही तक्रार खरी आहे. तथापि पाखरांवर छर्रे झाडणे हा कायद्याने अपराध ठरू शकतो. पूर्वीच्या मुंबई राज्याने १९५१ सालीच वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला होता. त्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने जवळजवळ सर्व देशास एकच नियम लागू झाला, व २०२२ च्या सुधारणेत त्याच्या अनुसूची नव्याने मांडण्यात आल्या. शेतातील पाखरू आपले पीक खाते म्हणून ते मारण्याचा अधिकार मालकास आपोआप मिळत नाही.

कायदा बाजूस ठेवला तरी हिशेब तोट्याचाच आहे. दाणे टिपणारी हीच पाखरे पिलांना अळ्या व किडे भरवितात. चीनमध्ये १९५८ साली उंदीर, माश्या व डास ह्यांच्याबरोबर चिमण्यांनाही शत्रू ठरवून देशभर त्यांचा संहार करण्यात आला. पुढे किडी माजल्या, आणि १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला. आपल्याच देशात, अरुणाचल प्रदेशात, २०२१ साली गावकऱ्यांनी पाखरे मारण्याच्या हवाई बंदुका शासनाकडे स्वखुशीने जमा करण्याची मोहीम सुरू झाली. तेथील रानांत पाखरांचा आवाज कमी झाला, ही त्यामागील चिंता होती. पाखरे हुसकावण्यास आपली गोफण व माचाणावरील आरोळी अजूनही उपयोगी आहेत. त्यांच्या जोडीस चकाकणाऱ्या फिती पिकावर पीळ देऊन ताणून बांधाव्यात. वाऱ्याने त्या फडफडतात व लखलखतात. सर्व पाड्याने पेरणी व आवणी एकाच आठवड्यात उरकली तर थवा एकाच शेतावर तुटून पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रानडुकरावर बारीक छर्रा चालविण्याचा तर विचारही करू नये. त्याच्या चरबीपलीकडे छर्रा जात नाही. चवताळलेले जखमी डुक्कर वाटेत सापडेल त्यास फाडते, आणि पहाटे मोहाची फुले वेचावयास निघालेल्या बाईने काय करावे? डुकरांचा उपद्रव फार झाल्यास वनाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. उभ्या पिकास धोका होत असल्याची खात्री पटल्यावर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, अशी तरतूद त्याच १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. नुकसानीची खबरही लगेच द्यावी, कारण पंचनामा उशिरा झाल्यास भरपाईस अडचण येते. बंदुकीच्या परवान्यासंबंधी म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे. तो परवाना जवळ बाळगण्याचा होय. वन्य प्राणी मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ह्या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळदा केली जाते.

आणखी एक. परदेशात हीच काडतुसे सापांवरही उडवितात. आपल्याकडे शेतात धामण दिसली की काठी उचलली जाते, ती सवय मोडली पाहिजे. धामण बिनविषारी असून उंदरांच्या बिळात शिरून त्यांचा फडशा पाडते. गव्हाणी घुबडाचेही तेच. रात्री त्यास बसावयास म्हणून दोन-अडीच मीटर उंचीचे, वर आडवी काठी बांधलेले खांब बांधाजवळ उभे करावेत. दाणा भरू लागला की ते काढून घ्यावेत, नाहीतर दिवसा त्यांवर पाखरे बसतात.

शेतातील उंदरांचा बंदोबस्त सर्वांनी मिळून, ज्येष्ठाच्या सुरुवातीस, पेरणीपूर्वी करावा. त्या वेळी रानात खाणे नसते व बिळे बांधांत उघडी दिसतात. एकट्याने आपले शेत साफ केले तर शेजारच्या बांधातील उंदीर आठ दिवसांत रिकामी बिळे भरून काढतात. प्रथम सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील, त्यांतच उंदीर आहे असे समजावे. त्या बिळांत दोन-तीन दिवस बिनविषारी भरड तेल लावून घालावी, म्हणजे उंदीर निर्धास्त होतात. नंतर ९६ भाग भरड, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड ह्या प्रमाणात केलेले आमिष, दर बिळास सुमारे १० ग्रॅम, कागदाच्या पुडीत काठीने खोल सारून तोंड बुजवावे. हे विष कालवताना हात लावू नये, काठी वापरावी. त्यावर उतारा नाही. मेलेले उंदीर खोल पुरावेत.

येथे एक दक्षता अत्यंत महत्त्वाची आहे. ह्या भागातील कातकरी व इतर काही कुटुंबे बांध खणून शेतातील उंदीर धरतात व खातात. बिळातील साठविलेले दाणेही त्यांच्या उपयोगी पडतात. बांध खणण्याची ही रीत म्हणजे बिनखर्चाचे मूषकनियंत्रणच होय, आणि माझ्या मते जेथे ती चालू आहे तेथे विष आणूच नये. विष घालावयाचेच असेल तर आधी प्रत्येक पाड्यावर तसे सांगून, त्या शिवारातील उंदीर त्या हंगामात कोणी खाणार नाही ह्याची खात्री करून घ्यावी. छर्ऱ्याने मारलेला उंदीरही खाऊ नये. मांसात शिसे राहते.

घरात मात्र विष नको, सापळाच बरा. कणगी जमिनीवर न टेकवता कमरेइतक्या उंच खुंटांवर ठेवावी व प्रत्येक खुंटास वरच्या टोकाशी पत्र्याची, पालथ्या टोपलीसारखी टोपी बसवावी. उंदीर तिच्याखाली अडकतो व माघारी फिरतो. कणगी भिंतीपासून पुरेशी दूर असावी, म्हणजे उडी पोहोचत नाही. ऐपत असल्यास पत्र्याची कोठी घ्यावी. भट्टीवर निघण्यापूर्वी नागली पुन्हा एक दिवस कडक उन्हात द्यावी, कोठीचे झाकण घट्ट बसवून सांध्यावर शेणमातीचा लेप द्यावा, माळ्यावरून कणगीकडे येणाऱ्या दोऱ्या व वासे काढून टाकावेत. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दोन सापळे देऊन ठेवावेत, आणि दर आठवड्यास कणगीभोवतीची राख पसरून त्यावर पावले उमटली आहेत काय, एवढे पाहावयास सांगावे.