पेज चालू, पद बंद

२०२५ च्या पावसाळ्यात काटोल रोडवरच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया आमच्याकडे सदरला बैठकीला आल्या होत्या. गावच्या अंगणवाडीचं छत गळत होतं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून आपल्या भागातल्या जिल्हा परिषद सदस्याच्या फेसबुक पेजवर टाकला होता. उत्तरात आले ते दोन जोडलेले हात. बस्स. एक मावशी म्हणाली, "काऊन ताई, फोटो दिसला नसन का त्याले?"

दिसला असेलही. पण तो माणूस तेव्हा सदस्यच नव्हता. नागपूर जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली, पाच वर्षांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पेजवर मात्र नावापुढे 'सदस्य' तसंच होतं, वाढदिवसाचे फोटोही येत होते. आम्ही शहरातले म्हणून हुशार, असंही नाही. महापालिकेच्या १५१ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. तरी आमच्यातल्या कितीतरी जणी नाली तुंबली की जुन्याच नगरसेवकाला व्हॉट्सअ‍ॅप करत होत्या.

म्हणून पेजवर काही लिहिण्याआधी एवढं विचारून घ्या, की हा माणूस आज पदावर आहे का, आणि हे काम त्याच्याकडे येतं का. अंगणवाडीचं काम जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे. सदस्य नसले तरी विभाग बंद पडत नाही. पंचायत समितीत गटविकास अधिकारी असतात, जिल्ह्याला मुख्य कार्यकारी अधिकारी असतात.

त्या बायांनी शेवटी साधा कागद केला. ग्रामसंघाचा ठराव, खाली सह्या-अंगठे, सोबत तोच फोटो छापून. दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. कारकून म्हणाला, "ठेवून जा." त्या बसून राहिल्या. हा आवक क्रमांक फेसबुकवर मिळत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. अर्जाचं काय झालं हे पुढे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. जोडलेल्या हातांबद्दल असा अर्ज कुठे करणार?

मग मोबाइल काहीच कामाचा नाही का? आहे, पण बघायला. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. संसदेच्या संकेतस्थळावर खासदारांनी विचारलेले प्रश्न दिसतात. तिथे एक गंमत आहे. आमच्या मुलींनी नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांचे प्रश्न शोधले, सापडेनात. कारण ते २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत, आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. रामटेक मतदारसंघातल्या बायांना आपल्या खासदाराचे प्रश्न शोधता येतील. पण ती पानं इंग्रजी-हिंदीत. शिकलेल्या पोरीला सोबत बसवा, चहा पाजा.

आता एक नाजूक गोष्ट. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायांना आहेत, तरी गावोगावी सरपंचबाईचा म्हणून जो नंबर मिळतो तो उचलतात भाऊसाहेब. "काय काम आहे, मला सांगा." आम्ही त्यांना नमस्कार करतो आणि म्हणतो, "वहिनींना द्या." पहिल्यांदा राग येतो, तिसऱ्यांदा फोन मिळतो. निवडून वहिनी आल्यात.

वहिनींना फोन न लावताही गाठता येतं. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. सरपंचबाई समोर असते, बोललेलं इतिवृत्तात लिहायला लावता येतं. अंगणवाडीच्या छतासारखा विषय तिथे आधी मांडा, मग ग्रामसभेत जाऊ द्या. सभेची सूचना हल्ली बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, आणि त्या ग्रुपात बऱ्याचदा घरच्या पुरुषाचा नंबर असतो. तेव्हा आज रात्री घरी गेल्यावर तुमचा स्वतःचा नंबर त्यात आहे का, तेवढं बघा.