नऊ खड्यांचा खेळ आणि बारा परीक्षक

औंढा नागनाथाहून वसमतच्या रस्त्याला लागले म्हणजे मध्ये शिरड शहापूर लागते. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरदूरचे यात्रेकरू येथे येतात. बाकीच्यांना हे गाव एस. टी.च्या पाटीवरून तेवढे ठाऊक. अशा गावात बसून माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी मोबाइलवर खेळायचा एक खेळ घरच्या घरी तयार केला आणि तो साऱ्या जगाच्या बाजारात मांडला. खेळ रचायला त्याला चार महिने लागले. तो माणसांपर्यंत पोचवायला त्याहून अधिक काळ गेला, आणि सांगण्यासारखी हकीकत ह्या दुसऱ्या भागाचीच आहे.

खेळ तसा त्याचा नव्हेच. जुन्या कोशांत ज्याला नवकंकरी म्हणतात आणि आमच्या घरात नुसते ‘नऊ खडे’ म्हणत, तोच हा. एकात एक तीन चौकोन, चारी बाजूंच्या मध्यावर रेघांनी जोडलेले. खडे ठेवायच्या जागा २४. दोन्ही गड्यांकडे नऊ-नऊ खडे. आपले तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. असले पट जुन्या लेण्यांत आणि देवळांच्या फरशांवर कोरलेले सापडतात. आमची आई तो कोळशाने शहाबादी फरशीवर काढी. एका गड्याला चिंचोके, दुसऱ्याला खापराचे तुकडे. पुतण्या नांदेडला शिकतो. टाळेबंदीच्या दिवसांत आजीजवळ बसून तो हा खेळ शिकला, आणि पुढे त्याने तो पडद्यावर आणला.

त्यासाठी जे साधन त्याने वापरले त्याचे नाव ‘गोडो’. अर्जेंटिनातल्या दोघा प्रोग्रॅमरांनी ते रचले आणि २०१४ साली सर्वांना फुकट खुले केले. ज्याची वाट पाहावी आणि जो कधीच येत नाही अशा नाटकातल्या पात्राचे हे नाव! पुढे आम्ही गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलो तेव्हा ह्या नावाची मौज मला पुरती कळली.

आता दुकान कोणते धरायचे? संगणकावरच्या खेळांची मोठी पेठ म्हणजे ‘स्टीम’. तेथे प्रत्येक खेळामागे १०० डॉलर अनामत भरावी लागते. खेळाने १००० डॉलरची विक्री केली तर ती परत मिळते. २०२४ ह्या एका वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. म्हणजे दिवसाला पन्नास! त्या गर्दीत आमचे नऊ खडे कोण शोधणार? दुसरे ‘इच डॉट आयओ’, २०१३ पासूनचे. तेथे खेळ ठेवायला पैसा लागत नाही आणि दुकानदाराचा वाटा किती हेही खेळ करणाराच ठरवतो. ही व्यवस्था मला फार आवडली. पण आमच्या गावात संगणकावर खेळतो कोण? खेळ पोचायचा तर फोनवरच. तेव्हा गूगल प्ले ठरले. त्याची फी एकदाच २५ डॉलर. सोयाबीनच्या पैशातून दोन हजारांवर रुपये काढून देताना थोरले बंधू म्हणाले, “पाडव्यापर्यंत काय उजेड पाडायचा तो पाड. नाहीतर पुण्याला जाऊन नोकरी धर.” पोराने मान हलवली.

फी भरली, ओळखपत्र दिले, आणि मग खरी कसोटी पुढे आली. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने वैयक्तिक खाते उघडले त्याला खेळ एकदम सर्वांपुढे मांडता येत नाही. आधी परीक्षक जमवावे लागतात. पूर्वी ते २० लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या १२ वर आली. ह्या बारा जणांनी सलग १४ दिवस परीक्षक म्हणून नाव कायम ठेवले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे क्षुल्लक वाटेल. ऐन दसऱ्याच्या सुमारास, सोयाबीनच्या काढणीत, आमच्या गावात रिकामी बारा माणसे शोधून पाहा!

त्यातून लोकांच्या मनात धास्ती. मोबाइलवरच्या रमीने कोणाची मोटारसायकल गेली, कोणाचे बी-बियाणाचे पैसे गेले, हे गावोगाव ऐकू येत होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. करमणुकीच्या खेळांना त्यात मोकळीक आहे, पण एवढा भेद पारावर बसलेल्या माणसाला कोण समजावणार? औषधांच्या दुकानदाराने पहिला प्रश्न केला तो असा : “ह्यात पैसे कापतेत का?” पुतण्याने त्याला त्याच्या गल्ल्यावर बसून तीन डाव खेळून दाखवले. असे करत दुकानदार, दोन शिक्षक, एक कंडक्टर, कटिंगवाल्याचा मुलगा, मी स्वतः, अशी बारा डोकी जमली.

नवव्या दिवशी कटिंगवाल्याच्या मुलाने ‘चाचणीतून बाहेर पडा’ असे एक बटण पाहिले आणि हे काय असते बुवा, म्हणून ते दाबले! राहिले अकरा. चौदा दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पुतण्या रागावला नाही. त्याने सोळा माणसे जमवली. चार जादा. शेतकऱ्याच्या पोराला दुबार पेरणी कळते.

ह्या परीक्षेचा एक लाभ मात्र झाला, आणि तो मोठा. पहिल्या आठवड्यात जो तो एक-दोन डाव खेळे आणि फोन खाली ठेवी. का, तर यंत्र हरतच नसे. झुरिचच्या राल्फ गासर नावाच्या संशोधकाने १९९३ साली गणकयंत्राच्या साह्याने सिद्ध केले की, दोघांनी बिनचूक खेळ केला तर हा डाव बरोबरीतच सुटतो. पुतण्याचे यंत्र इतके बिनचूक नव्हते, पण सहा-सात चाली पुढचे पाही. आपल्यासारख्याला तेवढे पुरे. कंडक्टर म्हणाला, “दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, अन् रात्री ह्याच्याकडून मार खायचा?” मग पोराने यंत्राला चुका करायला शिकवले. हे काम, तो सांगतो, सर्वांत कठीण होते. चूक उघड दिसली तर माणसाला आपली कीव केल्यासारखे वाटते. ती माणसासारखीच, लोभापायी व्हायला हवी. चार रात्री तो माळवदावर बसून हेच करत होता. माळवदावर अशासाठी की घरात रेंज येत नाही. ह्याच औंढा तालुक्यात अंतराळातल्या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे; आमच्या माजघरात मोबाइलच्या लहरी टिपल्या जातील तो सुदिन! पाचव्या दिवशी आईने यंत्राला हरवले आणि “मेलं हावरट आहे,” असा शेरा दिला. पुतण्या समाधान पावला.

दुकानातली पाटी रंगवणे हाही एक उद्योगच. नाव ३० वर्णांत, थोडक्यात माहिती ८० वर्णांत. त्यात गंमत अशी की ‘नवकंकरी’ आपल्या हिशेबी पाच अक्षरे, पण यंत्र अनुस्वार आणि वेलांटी वेगळी मोजून सात धरते. मराठी माणसाला कानामात्रेचाही कर भरावा लागतो! माहिती लिहायचे काम माझ्याकडे होते. माझा पहिला मजकूर तीनशे वर्णांचा झाला आणि त्यात खेळ कसा खेळायचा तेच नव्हते, असे पुतण्याचे मत पडले. मला ते अजून पटलेले नाही.

खेळ जगापुढे आला आणि काहीच घडले नाही. पहिल्या महिन्यात चाळीसएक जणांनी उतरवून घेतला. त्यांतले निम्मे नातेवाईक. अशा वेळी मोठ्यांची उदाहरणे आठवतात. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली आपली घरगुती लुडो ‘लुडो किंग’ म्हणून फोनवर आणली आणि २०२० च्या टाळेबंदीत ती घराघरांत गेली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ नावाच्या खेळासाठी २०१७ साली जाहीर वर्गणी मागितली. ती पुरी जमली नाही. तरी त्यांनी नेट सोडला नाही. २०२० साली खेळ बाहेर आला आणि जगातल्या मोठ्या पारितोषिकाच्या पदार्पणाच्या यादीत जाऊन बसला. मला तर लुडोपेक्षा ही राजीची कथाच धीर देणारी वाटते.

पुतण्याने दोन गोष्टी केल्या. पाटीवर मराठीसोबत इंग्रजी मजकूर घातला आणि त्यात खेळाचे युरोपातले नाव दिले. आठ दिवसांत जर्मनीतून माणसे येऊ लागली. तेथे हा खेळ घरोघरचा. एकाने लिहिले की तीन खडे उरले म्हणजे खडा कोठेही उडवता आला पाहिजे, तो नियम कोठे आहे? आईला विचारले. ती म्हणाली, “हरणाऱ्यानं उडायचं कशाला? गुमान हरावं.” शेवटी दोन्ही नियम ठेवले, ज्याला जो हवा तो त्याने निवडावा.

दुसरी गोष्ट हळदीच्या बाजाराची. हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्यात माल घेऊन आलेला शेतकरी लिलाव होईपर्यंत तासन्‌तास पोत्यांवर बसून असतो. पुतण्याने खेळाचा चौकोनी कोड छापलेल्या चिठ्ठ्या चहाच्या टपऱ्यांवर चिकटवल्या, शिवाय खडूने जमिनीवर पट काढून स्वतः खडे मांडून बसला. जाहिरातीत एवढी एकच गोष्ट खरी चालली असे मी म्हणेन. चार म्हातारे जमले, त्यांना खेळ आठवला. त्यांच्या नातवांनी तो फोनवर घेतला. महिन्याभरात आकडा पाचशेवर गेला.

उत्पन्न म्हणाल तर शून्य. खेळ फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत; त्या घालाव्यात की नाही ह्यावर घरात दोन तट आहेत. पाडवा आला तेव्हा बंधू हळद घेऊन वसमतला गेले होते. रात्री परतले, हातपाय धुतले, आणि पोराला म्हणाले, “तिकडं एक जण मला तुझा खेळ शिकवायलाता. दोन मोबाइलवर दोघांना खेळता येईल का, विचारायलाता.” पोर म्हणाले, येईल, पण सहा महिने लागतील. बंधूंनी नोकरीचा विषय त्या दिवशी काढला नाही. ते काम अजून चालू आहे. सध्या दोन फोन जोडले जातात, पण तिसऱ्या चालीला तुटतात.